दहावीच्या मुलांचं वाचन खरंच घसरलं का? मोजायचं कसं, टप्प्याटप्प्यानं

निकालाचा हंगाम आला की पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या बैठकीत विषय निघतोच: हल्लीच्या मुलांना धड वाचता येत नाही. मग समिती नेमतात. शाळेच्या कपाटातून पंधरा वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका निघते, ती यंदाच्या दहावीला सोडवायला देतात आणि महिन्याभरात अहवाल तयार होतो. त्या अहवालात वाचनाबद्दल जवळपास काहीच नसतं. मधल्या काळात चाचणी बदललेली असते, मुलं बदललेली असतात, तपासणारे बदललेले असतात. या तिन्हींचा फरक एकत्र करून त्याला ‘वाचनाचा दर्जा’ असं नाव दिलेलं असतं.

हा लेख अशा समितीत बसणाऱ्यांसाठी आहे. शाळा पाच असोत की पन्नास, क्रम हाच ठेवा. पहिल्या दोन टप्प्यांत राहिलेली चूक सातव्या टप्प्यात कितीही हुशार संख्याशास्त्रज्ञ बसवला तरी निघत नाही.

## सुरुवातीआधी: बोर्डाचा निकाल बाजूला ठेवा

राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० वर आला आणि २०२० साली ९५.३० वर गेला. दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या मुलांचं वाचन आधी कोसळलं आणि मग उसळलं, असं कुणीच म्हणणार नाही. २०१९ च्या परीक्षेला अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० अंतर्गत गुण काढून घेतले होते. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. २०२० साली भूगोलाचा पेपर कोरोनामुळे झालाच नाही. २०२१ साली लेखी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता. या आकड्यांचा आलेख काढला तर तो नियमांचा आलेख होईल.

‘मग नुसते मराठीचे गुण घेऊ’ हा पुढचा विचार असतो. मराठीच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) अपठित, म्हणजे न शिकवलेला, उतारा असतो खरा, पण त्याचे गुण थोडे. बाकीचा मोठा भाग वर्षभर शिकवलेल्या पाठांवर, कवितांवर, व्याकरणावर आणि उपयोजित लेखनावर आहे. शिकवलेल्या पाठावरचं उत्तर चांगलं आलं, तर मुलाला तो पाठ येतो एवढंच कळतं. अनोळखी मजकूर समोर आल्यावर तो काय करेल, ते त्यातून कळत नाही.

तयार सर्वेक्षणांचंही तसंच. ‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ ग्रामीण भागात होतं, पुणे शहर त्यात येत नाही. १४ ते १८ वयोगटासाठी त्यांनी २०१७ आणि २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत दोन्ही वेळा साधारण पाव हिस्सा मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. ही माहिती गंभीर आहे, पण त्या चाचणीची वरची पायरीच दुसरीची आहे. त्यापुढची मुलं एकमेकांपासून वेगळी काढायला ती उपयोगी नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात नोव्हेंबर २०२१ मध्ये तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी होती. त्याच्या जागी आलेल्या डिसेंबर २०२४ च्या ‘परख’ सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववी. २०२१ ची दहावी आणि २०२४ ची नववी शेजारी मांडून बाण काढणारे तक्ते दिसले तर तिथेच थांबा.

थोडक्यात, स्वतःची मोजणी स्वतःच उभी करावी लागते, आणि आज ती पहिल्यांदा करत असाल तर बदल आज कळणार नाही. आज फक्त पहिला बिंदू पडेल. समितीला हे पहिल्याच बैठकीत सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

## टप्पा १: कोणाला मोजायचं ते कागदावर पक्कं करा

‘दहावीची मुलं’ म्हणजे नेमकी कोण? दहावीच्या पटावरची? बोर्डाच्या परीक्षेला बसलेली? की १५ वर्षांची सगळी, शाळेत असोत वा नसोत? तिन्ही गटांचं वाचन वेगळं असतं, आणि दोन वर्षांत वेगवेगळा गट घेतला तर बदल आपोआप ‘सापडतो’.

बहुतेक संस्थांना झेपणारी व्याख्या अशी: ३० सप्टेंबरला दहावीच्या पटावर असलेली सर्व मुलं. ही तारीख शाळांना सवयीची आहे, नोंदी तयार असतात. मात्र एक जोडनोंद ठेवाच. ही तुकडी आठवीत असताना पटावर किती मुलं होती आणि त्यातली आज किती आहेत? बाकीची दुसऱ्या शाळेत गेली, गावी परतली, कामाला लागली, की त्यांना ‘१७ नंबरचा फॉर्म भर’, म्हणजे बाहेरून परीक्षेला बस, असं सुचवलं गेलं? नववीच्या शेवटी कच्ची मुलं बाहेर पडली, तर दहावीची सरासरी वाढते. वाचन कुणाचंच सुधारलेलं नसतं.

तपासून घ्या: जनरल रजिस्टरवरून आठवी ते दहावी गळतीचा आकडा दोन्ही वर्षांसाठी निघतो का? निघत नसेल तर मोजणी पुढच्या वर्षावर ढकला.

‘पुणे’ कुठपर्यंत, हेही ठरवून टाका. महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. ‘शहरातल्या शाळा’ असं मोघम लिहिलंत तर २०१६ चं शहर आणि आजचं शहर वेगळं आहे. हद्द गोठवा: अमुक तारखेची हद्द, किंवा त्याहून सोपं, शाळांची यादीच.

माध्यमांची मिसळ करू नका. कुमारभारती (मराठी पहिली भाषा) शिकणारी मराठी आणि सेमी-इंग्रजीची मुलं एका गटात चालतील. मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणारी इंग्रजी माध्यमाची मुलं त्याच सरासरीत घालू नका. उर्दू माध्यमाच्या शाळांमध्ये वाचन मोजायचं तर उर्दूतच मोजावं लागेल, आणि त्यासाठी मराठी चाचणीचा अनुवाद पुरत नाही. अनुवाद झाला की उताऱ्याची काठिण्यपातळी बदलते. ती वेगळी चाचणी, वेगळा बिंदू.

## टप्पा २: वाचन म्हणजे तुमच्यापुरतं काय, हे ठरवा

दहावीच्या मुलाचं वाचन मोठ्यानं वाचण्याच्या वेगावर मोजण्याचा मोह होतो, कारण ते घड्याळ लावून पाच मिनिटांत होतं. लहान वर्गांना ते ठीक. या वयात वेग ही दुय्यम गोष्ट आहे. शिवाय मिनिटाला अमुक शब्द हे इंग्रजीसाठी ठरवलेले आकडे मराठीला लावता येत नाहीत. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘शाळेतल्यासुद्धा’ हा एकच शब्द असतो.

मूकवाचन आणि आकलन घ्या. ५० मिनिटांत ४० गुण, पाच उतारे, एवढं दहावीच्या मुलाला झेपतं. उताऱ्यांचे प्रकार ठरवताना शाळा सोडल्यावर त्याला काय वाचावं लागणार आहे ते डोळ्यांसमोर आणा. एक कथनपर उतारा, एक माहितीपर लेख, वीजबिल किंवा पीएमपी बसच्या वेळापत्रकासारखा तक्ता, एखाद्या अर्जावरच्या सूचना, आणि एकाच विषयावर परस्परविरोधी मत मांडणारी दोन वाचकपत्रं. पाठ्यपुस्तकातलं काहीही नको, जुन्या पुस्तकातलंही नको. घरात थोरल्या भावाचं पुस्तक असतं.

प्रश्नही तीन जातींचे ठेवा: मजकुरातली माहिती शोधणं, दोन ठिकाणची माहिती जोडून अर्थ लावणं, आणि लेखकाचा रोख किंवा विश्वासार्हता पारखणं. प्रत्येक जातीला किती गुण, हे आधी लिहा आणि दर फेरीत तेच ठेवा. यंदा ‘शोधा’चे गुण १२ आणि तीन वर्षांनी २० झाले तर सरासरी वाढेल.

तपासून घ्या: चाचणी बाहेरच्या दोन शाळांत, एक बरी आणि एक अडचणीतली, आधी चालवून बघा. दहातल्या एकाहून जास्त मुलांना ३८ च्या वर मिळत असतील तर चाचणी वरून बुटकी आहे, वरच्या मुलांची पुढची प्रगती तिच्यात मावणार नाही. बरीच मुलं ५ च्या आत अडकली तर तळाशी तीच अडचण. फक्त चार पर्यायांचे ४० प्रश्न असतील, तर नुसत्या अंदाजानं सरासरी १० गुण मिळतात, हेही विसरू नका.

## टप्पा ३: सामायिक उतारे निवडा आणि कुलूपबंद करा

सगळ्यात जास्त मोजण्या इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबतो.

तीन वर्षांनी तीच चाचणी जशीच्या तशी दिली, तर ती फुटलेली असते किंवा शिळी झालेली असते. पूर्ण नवी दिली, तर गुणांतला फरक मुलांचा की चाचणीचा ते कळत नाही. मार्ग मधला आहे: काही उतारे दोन्ही फेऱ्यांत तेच, बाकीचे नवे. सामायिक उताऱ्यांवर मुलांची कामगिरी कशी बदलली ते बघून नव्या भागाची काठिण्यपातळी जुळवायची. रूढ नियम किमान एक-पंचमांश सामायिक भागाचा आहे. ४० गुणांच्या छोट्या चाचणीत माझ्या मते दोन पूर्ण उतारे, म्हणजे १६ गुणांच्या आसपास, ठेवावेत. एखादा उतारा फुटला तरी एक हातात राहतो.

‘तेच’ म्हणजे अगदी तेच. प्रश्नाचा शब्द, पर्यायांचा क्रम, टंक, अक्षराचा आकार, ओळी तुटण्याच्या जागा, पुस्तिकेतला क्रमांक, सगळं. हे अतिरेकी वाटतं, पण अमेरिकेत १९८६ च्या राष्ट्रीय चाचणीत ९ आणि १७ वर्षांच्या मुलांचं वाचन दोनच वर्षांत विश्वास बसणार नाही इतकं घसरलेलं दिसलं. छडा लावल्यावर मुख्य कारण निघालं ते असं: प्रश्न तेच होते, पण पुस्तिकेतली त्यांची जागा, शेजारचे प्रश्न आणि दिलेला वेळ बदलला होता. तिथे संख्याशास्त्रज्ञांची फौज होती. आपल्याकडे डीटीपीवाल्यानं ‘एक पान वाचवलं’ की तेच होतं.

उलट टोकाची चूक म्हणजे जुनी चाचणी दशकानुदशकं चालू ठेवणं. इंग्लंडमध्ये १९४८ पासून शाळा सोडण्याच्या वयातल्या मुलांना ३५ वाक्यं पूर्ण करण्याची एक छोटी चाचणी वर्षानुवर्षं दिली गेली. पुढे प्रगती थांबल्यासारखी दिसू लागली. १९७५ च्या बुलक समितीच्या अहवालानं दाखवलं, की चाचणीतली काही भाषा वापरातून गेली होती आणि चांगल्या वाचकांना तिच्यात वर जायला जागाच उरली नव्हती.

आपल्या कपाटातल्या उताऱ्यांचीही हीच गत आहे. ‘तार आली’ या वाक्यातली घबराट आजच्या मुलाला कळत नाही. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा तो फार तर तीन-चार वर्षांचा असेल. ट्रंककॉल, मनीऑर्डरचं कुपन, ‘पीएमटी’, रॉकेलची रांग, या शब्दांवर अडखळणारा मुलगा कच्चा वाचक ठरत नाही. तसंच आज रिक्षाच्या ॲपवर बेतलेला उतारा दहा वर्षांनी हास्यास्पद होईल. सामायिक उताऱ्यांसाठी सावकाश म्हातारे होणारे विषय घ्या: पाणी, पक्षी, आजारपण, शेजारी, प्रवास.

सावधान: सामायिक उतारे मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘फक्त माहितीसाठी’ जाता कामा नयेत. पुस्तिकांना अनुक्रमांक घाला, मोजून द्या, मोजून परत घ्या, उरलेल्याही घ्या. शिक्षकांना नमुना दाखवायचाच असेल तर वेगळा, कधीही न वापरायचा उतारा तयार करा. क्लासवाल्यांच्या हाती एकदा सराव म्हणून लागला की तो उतारा गेला.

### जुनी चाचणी आहे, पण सामायिक भाग नाही?

असं बऱ्याच संस्थांचं होतं. तेव्हा पूल बांधावा लागतो. यंदाच्याच मुलांपैकी निम्म्यांना जुनी, निम्म्यांना नवी चाचणी द्या आणि दोन्हींच्या गुणांचा मेळ घाला. वाटणी हजेरीपटावर एकाआड एक करा. ‘अ’ तुकडीला जुनी, ‘ब’ तुकडीला नवी असं करू नका. कितीही नाकारलं तरी अनेक शाळांत तुकड्या गुणांवरून पडतात. आणि हा पूल जुन्या शब्दांची अडचण सोडवत नाही. ते शब्द असलेले प्रश्न आधी दोन्हीकडच्या हिशेबातून काढावे लागतात.

## टप्पा ४: शाळा किती, मुलं किती

आपल्याकडे ‘४०० मुलं घेतली’ म्हणजे भरपूर असं वाटतं. साध्या हिशेबानं ४०० मुलांवर टक्केवारीची चूक कमी-जास्त ५ अंकांची येते. पण तो हिशेब शहरभरातून सुटी सुटी निवडलेल्या मुलांचा आहे. आपण शाळा निवडतो आणि तिथली २०-२० मुलं घेतो. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: तीच वस्ती, तेच शिक्षक. हा सारखेपणा ० ते १ च्या मापावर ०.२ धरला, तर प्रत्येकी २० मुलांच्या २० शाळा, म्हणजे ४०० मुलं, प्रत्यक्षात सुट्या ८३ मुलांच्या मोलाची ठरतात. चूक कमी-जास्त ११ अंकांच्या जवळ जाते, आणि दोन फेऱ्यांतला बदल काढताना ती १५ होते. १२ टक्क्यांची घसरण झाल्याचा मथळा अशा मोजणीतून निघाला तर त्याला काही अर्थ नाही.

मुलं ८०० घेणं परवडत असेल तर ४० शाळांतून २०-२० घेण्यापेक्षा ८० शाळांतून १०-१० घ्या. पहिल्या रचनेत बदलातली चूक साधारण ११ अंक, दुसरीत ८. धावपळ मात्र दुप्पट, कात्रजपासून विश्रांतवाडीपर्यंत. इथे कंजूषी कराल तर पुढचे सगळे टप्पे वाया.

कमी शाळांत भागवायचं असेल तर दोन्ही फेऱ्यांत त्याच शाळा ठेवा आणि शाळानिहाय फरक काढा. प्रत्येक शाळेच्या सरासरीत किती बदल झाला, त्या बदलांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) किती, भागिले शाळांच्या संख्येचं वर्गमूळ, आणि त्याची साधारण दुप्पट. ४० शाळा आणि विचलन १२ अंक असेल तर चूक कमी-जास्त ४ च्या आत येते. हे एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त मधल्या काळात पट घटून बंद पडलेल्या शाळा यादीतून गळतात, आणि त्या बहुधा कुठल्या वस्तीतल्या असतात ते पुणेकरांना सांगायला नको. गळालेल्या शाळांची नावं अहवालाच्या जोडपत्रात नको, पण संख्या आणि विभाग हवेत.

एकच शाळा असेल तर सगळी मुलं घ्या आणि अपेक्षा कमी ठेवा. दहावीत ६० मुलं, ४० गुणांची चाचणी आणि मुलामुलांतला फरक (प्रमाण विचलन) ८ गुणांचा असेल, तर दोन वर्षांच्या सरासरीत ३ गुणांपर्यंतचा फरक एखादी बॅच बरी निघाली म्हणूनही पडतो.

शाळेतली मुलं निवडण्याचं काम वर्गशिक्षकांवर सोडू नका. हजेरीपट घ्या, चिठ्ठी टाकून पहिला क्रमांक काढा, तिथून ठरलेल्या अंतरानं पुढे जा. ‘ही मुलगी हुशार आहे, हिला घ्या’ हे प्रेमापोटी होतं, पण होतं.

पालकांची लेखी संमती याच टप्प्यात घ्या. मुलं १८ च्या आतली आहेत आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नकोच. सांकेतिक क्रमांक पुरे, आणि नाव व क्रमांक जोडणारी यादी शाळेतच राहू द्या.

## टप्पा ५: चाचणीचा दिवस

तारीख नव्हे, शैक्षणिक आठवडा ठरवा. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. ‘दर तिसऱ्या वर्षी २० नोव्हेंबर’ म्हटलंत तर एका फेरीत मुलं नुकती सुट्टीवरून आलेली असतील, दुसरीत काही आठवडे वर्गात बसलेली. ‘दिवाळीनंतर शाळा उघडल्यावर तिसरा आठवडा’ असं लिहा. गणेशोत्सवाच्या आधीचे आठवडे टाळा, निम्मी मुलं ढोल-ताशा पथकाच्या सरावाला असतात. डिसेंबरअखेर स्नेहसंमेलन आणि सहल, जानेवारीत पूर्वपरीक्षा. म्हणजे खिडकी तशी लहानच आहे.

सकाळच्या सत्रात घेतली तर पुढच्या फेरीतही त्या शाळेत सकाळीच. पहिली फेरी कागदावर असेल तर दुसरी टॅबवर नको. बदलायचंच असेल तर टप्पा ३ मधल्या पुलासारखं त्या वर्षी दोन्ही प्रकारे घ्या.

सूचना पर्यवेक्षकानं मनानं सांगायच्या नाहीत, छापील कागद वाचून दाखवायचा. एका वर्गात ‘याचे गुण कुठे धरणार नाहीत, घाबरू नका’ आणि दुसऱ्यात ‘संस्थेचे लोक बघणार आहेत’ असं सांगितलं, की दोन वेगळ्या चाचण्या झाल्या.

तपासून घ्या:
- शेवटचा उतारा किती मुलांनी कोरा सोडला? एका फेरीत थोड्यांनी आणि दुसरीत बऱ्याच जणांनी सोडला असेल, तर आधी वेळ आणि उत्साह तपासा, वाचन नंतर.
- गैरहजर किती? आठवड्याभरात एक जादा दिवस ठेवून त्यांना बसवा. चाचणीच्या दिवशी नेमकी कच्ची मुलं ‘आजारी’ पडलेल्या शाळा प्रत्येक फेरीत एखाद-दोन निघतात.

## टप्पा ६: तपासणी

बहुपर्यायी प्रश्नांना अडचण नाही. लिहिलेल्या उत्तरांना आहे. तीन वर्षांपूर्वी ज्या उत्तराला २ पैकी २ मिळाले त्याला आज दीड मिळतो, आणि तपासणाऱ्याला ते जाणवतही नाही. कोरोनानंतर तर ‘मुलांनी लिहिलं हेच खूप’ अशा मायेनं तपासलेल्या उत्तरपत्रिका सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

म्हणून पहिल्या फेरीच्या लेखी उत्तरांपैकी किमान दहा टक्के जपून ठेवा, गुण न दिसणाऱ्या प्रतींसकट. दुसऱ्या फेरीच्या तपासणीत त्या नव्या गठ्ठ्यात मिसळा. कुठली जुनी, कुठली नवी, हे तपासनीसाला कळू नये. कागदाचा पिवळेपणा चुगली करतो, म्हणून दोन्हींच्या एकाच दिवशी झेरॉक्स काढा. मग जुन्या उत्तरांना तेव्हा मिळालेले आणि आता मिळालेले गुण शेजारी मांडा. आताचे सरासरी अर्ध्या गुणानं कमी असतील, तर तेवढी ‘घसरण’ तपासणीची आहे.

गुणदानाच्या तक्त्यात मासलेवाईक उत्तरं जोडा: पूर्ण गुणांचं एक, अर्ध्या गुणांची दोन, शून्याची दोन. शुद्धलेखनाचे गुण कापू नका, इथे लेखन मोजत नाही आहोत. मराठीच्या शिक्षकांना हे पटवणं हा या टप्प्यातला सगळ्यात कठीण भाग असतो.

## टप्पा ७: हिशेब, आणि मुलं बदलली का ते बघणं

आकडे हाती आले की पहिल्यांदा सामायिक प्रश्न एकेक करून बघा. १६ प्रश्नांपैकी १५ प्रश्नांची बरोबर उत्तरं २-३ टक्क्यांनी हलली आणि एका प्रश्नाची २५ टक्क्यांनी, तर त्या एका प्रश्नाला काहीतरी झालं आहे. तो फुटला, छपाईत बिघडला किंवा त्यातला शब्द मेला. तो बाजूला काढा, आणि काढला असं लिहा.

त्यानंतर मुलांची रचना. पुण्यात हे टाळता येत नाही. बांधकामांवर, कारखान्यांत, बाजारात काम करणाऱ्या कुटुंबांची मुलं दर वर्षी नव्यानं येतात, अनेकांच्या घरी मराठी बोलत नाहीत. दुसरीकडे मराठी माध्यमातली बरीच स्थानिक कुटुंबं इंग्रजी शाळांकडे गेली. तीच इमारत, तेच नाव, पण बाकांवरची मुलं वेगळी.

एक कल्पित उदाहरण घ्या. पहिल्या फेरीत ८० टक्के मुलांच्या घरी मराठी, त्यांची सरासरी ७०. उरलेल्या २० टक्क्यांची ५०. एकूण ६६. दुसऱ्या फेरीत घरी मराठी असलेली ६० टक्के, सरासरी ७१, आणि उरलेली ४० टक्के, सरासरी ५२. एकूण ६३.४. दोन्ही गट सुधारले, एकूण सरासरी मात्र घसरली. ‘वाचन ढासळलं’ म्हणणारा अहवाल आणि ‘दोन्ही गट पुढे गेले’ म्हणणारा अहवाल, दोन्ही याच आकड्यांतून निघतात.

उपाय सोपा आहे: दुसऱ्या फेरीच्या गटसरासरींना पहिल्या फेरीचं प्रमाण लावा. ८० टक्के ७१ चे आणि २० टक्के ५२ चे, म्हणजे ६७.२. अहवालात दोन्ही आकडे द्या, कारण प्रश्न दोन आहेत. शाळेनं काम कसं केलं याला ६७.२ जवळचा आहे. यंदा बाहेर पडलेल्या मुलांपैकी किती जणांना बँकेचा अर्ज वाचता येईल, याला ६३.४.

हे करायचं तर घरची भाषा, आईवडिलांचं शिक्षण आणि या शाळेत कितवीपासून आहे, ही तीन उत्तरं पहिल्या फेरीतच घेतलेली असायला हवीत. तेव्हा विचारलं नसेल तर आता आठवून भरता येत नाही. वयाची नोंदही ठेवा. पहिलीच्या प्रवेशाचं किमान वय टप्प्याटप्प्यानं सहा वर्षांवर नेलं गेल्यामुळे येत्या काही बॅचमधली दहावीची मुलं काही महिन्यांनी मोठी असू शकतात, आणि या वयात काही महिन्यांनीही फरक पडतो.

सावधान: नुसती सरासरी देऊन थांबू नका. तळाच्या एक-चतुर्थांश मुलांचं काय झालं ते वेगळं काढा. वरची मुलं वर गेली आणि तळची खाली, तर सरासरी जागेवरच राहते आणि समिती समाधानानं चहा घेते.

## टप्पा ८: लिहिणं आणि पुढच्या फेरीची पेटी

अहवालाच्या पहिल्या पानावर बदलाचा आकडा आणि त्याची चूक एकाच वाक्यात असू द्या: ‘सरासरी २ अंकांनी कमी, चूक कमी-जास्त ४.’ असा बदल शून्यापासून वेगळा म्हणता येत नाही, हे पुढच्याच वाक्यात साध्या मराठीत लिहा. ‘किंचित घसरण’ लिहू नका. वर्तमानपत्रात ‘किंचित’ गळतं आणि ‘घसरण’ उरते.

दोन बिंदूंवरून कल काढू नका. तिसरी फेरी होईपर्यंत ‘कल’ हा शब्दच वापरू नये असं माझं मत आहे. आणि कारणांचा परिच्छेद (मोबाइल, कोरोना, सेमी-इंग्रजी) लिहायची घाई झाली असेल तर स्वतःला विचारा, या मोजणीत त्यातलं काय मोजलं होतं? मोबाइलबद्दल एकही प्रश्न विचारलेला नसताना मोबाइलला दोषी ठरवणारे अहवाल पुण्यात कमी नाहीत.

शाळांची क्रमवारी छापू नका. एकदा छापलीत की पुढच्या फेरीत कच्ची मुलं घरी राहतील.

शेवटी पेटी भरा. तिच्यात जायला हवं ते असं: सामायिक उताऱ्यांच्या छापील प्रती आणि त्यांची छपाईची फाइल, पर्यवेक्षकांचा सूचनांचा कागद, गुणदानाचा तक्ता मासलेवाईक उत्तरांसह, गुण नसलेल्या दहा टक्के उत्तरपत्रिका, शाळांची यादी आणि निवडीची पद्धत, व्याख्यांचं पान, सांकेतिक क्रमांकांसकट कच्चे आकडे कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या स्वरूपात, आणि चाचणीच्या दिवशी काय काय बिनसलं त्याची हस्तलिखित टिपणं. पेटी दोन ठिकाणी ठेवा, दोन वेगळ्या माणसांकडे. मुख्याध्यापक निवृत्त होतात, संस्थेचे सचिव बदलतात, कार्यालयाला रंग देताना कपाटं रिकामी होतात. पेटीवर पुढच्या फेरीचं वर्ष लिहा, आणि दोन्ही किल्ल्या कुणाकडे आहेत ते संस्थेच्या इतिवृत्तात नोंदवा.